वायर बदलली, पण तुटली का?

मालेगावात अकोला-वाशिम रस्त्यालगतच्या कुठल्याही दुचाकीच्या गॅरेजवर सकाळी जाऊन थोडा वेळ उभे राहा. क्लचची वायर तुटली म्हणून ढकलत आणलेली एखादी गाडी दिसण्याची शक्यता दाट. गाडी बहुधा जुनी. हिरो होंडा असे अजूनही टाकीवर लिहिलेली स्प्लेंडर, नाहीतर सीडी १००, बॉक्सर, सीटी १००. मालक घाईत असतो. "उस्ताद, वायर टाकून द्या लवकर, लेट होऊन राहिलं." उस्ताद छोटूला आवाज देतो, छोटू नवी वायर काढतो आणि पंधरा-वीस मिनिटांत गाडी रस्त्याला लागते. तुटलेली वायर जुन्या टायरांच्या ढिगामागे जाते. दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस, तीच गाडी आणि तीच तक्रार.

दोष कुणाला द्यायचा हेही ठरलेले असते. कुणी म्हणतो, माल डुप्लिकेट आहे. कुणी म्हणतो, गाडीच म्हातारी झाली. कुणी आभाळाकडे बोट दाखवून नशिबावर ढकलतो. वायर नेमकी कुठे तुटली, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

माझे म्हणणे असे आहे. एखाद्या गाडीची क्लच वायर पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर दोष बहुतेक वेळा वायरीत नसतो, तिच्या आजूबाजूला असतो. तो शोधायला दहा मिनिटे लागतात. पण आपण मिस्त्रीला सुट्या भागाचे पैसे देतो, शोधण्याचे देत नाही. म्हणून वायर बदलली जाते, कारण तिथेच राहते.

ही गाडी कुणाची असते?

ज्यांच्याकडे नवी गाडी आहे त्यांना हा विषय क्षुल्लक वाटेल. शे-दोनशे रुपयांच्या वायरीवर लेख कशाला, असेही कुणी म्हणेल. पण जुनी मोटारसायकल आमच्याकडे कोण चालवतो ते पाहा. कापडाचे गाठोडे बांधून शिरपूर, मेडशी, किन्हीराजा, जऊळक्याच्या बाजूला फिरणारा फेरीवाला. बांगड्या, प्लास्टिकची भांडी, फळे, अंडी विकणारा. पहाटे दूध घालणारा. आठवडी बाजार गाठून पोट भरणारा. त्यात मुसलमान पुष्कळ आहेत आणि हा योगायोग नाही. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल सांगतो की देशातल्या काम करणाऱ्या मुसलमानांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वतःच्या हिमतीवर काहीतरी करून जगतात. हिंदू समाजात हे प्रमाण सुमारे ५५ टक्के आहे. स्वतःच्या हिमतीवर म्हणजे ना पगार, ना रजा. गाडी बंद पडली की दुकान बंद पडले.

आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. गुळगुळीत रस्ता आहे, पण दुचाकीला त्यावर बंदी. ज्याची गाडी सर्वांत नाजूक, त्याच्या वाट्याला खड्डे, गतिरोधक आणि शेतरस्त्यांची धूळ येते. याच रस्त्यांवर क्लच सर्वांत जास्त वापरावा लागतो.

"मग नवी गाडी घ्या" हा सल्ला सोपा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाल्यानंतर साधी शंभर सीसीची गाडीही महाग झाली. पंधरा वर्षे ओलांडलेल्या मोटारसायकलची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर तिचेही शुल्क १ एप्रिल २०२२ पासून तीनशेवरून हजार रुपये झाले. अशा वेळी जुनी गाडी नीट ठेवणे ही गरिबाची हौस नसते. ते त्याचे भांडवल असते. आणि भांडवल रस्त्यात तुटून चालत नाही. पातूरच्या घाटात चढावर, मागून ट्रक येत असताना क्लच गेला, तर प्रश्न फक्त दिवसाच्या कमाईचा राहत नाही.

तार कशी तुटते?

क्लचची वायर म्हणजे बाहेरचे एक कव्हर आणि त्याच्या आत सरकणारी, बारीक पोलादी तारांचे पदर पिळून केलेली दोरी. दोरीच्या टोकाला धातूची एक गुंडी ओतलेली असते. मिस्त्री तिला निप्पल म्हणतात. ही गुंडी लिव्हरच्या खाचेत बसते. अर्नेस्ट बाउडेन यांनी या प्रकारच्या केबलचे पेटंट १८९६ साली घेतले आणि सायकलच्या ब्रेकपासून मोटारसायकलच्या क्लचपर्यंत ती सगळीकडे पोचली. सव्वाशे वर्षे टिकलेली ही कल्पना मुळात कमजोर नाही.

मग तार तुटते कशी? लहानपणी आपण सगळ्यांनी केलेला उद्योग आठवा. लोखंडी तार हाताने ओढून तुटत नाही. तीच एका जागी इकडे-तिकडे वाकवत राहिलो की तुटते. क्लचच्या वायरीचेही तसेच होते. लिव्हर दाबला की तो बोल्टभोवती फिरतो. त्याच्यासोबत गुंडीनेही खाचेत थोडे फिरले पाहिजे, म्हणजे तार सरळ राहते. खाच कोरडी पडली, गंजली, धुळीने भरली की गुंडी अडकते. ती फिरली नाही तर तिचे काम तारेला करावे लागते, आणि तार दर वेळी गुंडीच्या मुळाशी त्याच जागी वाकते. दिवसाला दोनशे वेळा क्लच दाबला असे धरले तरी वर्षाला सत्तर हजारांवर वाकणी होतात. त्यात लिव्हर ही तरफ आहे. बोटांचा जोर तारेवर कित्येक पटींनी वाढून पडतो. एक पदर तुटतो, मग दुसरा, आणि उरलेल्यांवरचा भार वाढत जातो. शेवटी ज्या दिवशी वायर तुटते, त्या दिवशी ती फक्त संपते. तुटायला सुरुवात कित्येक आठवडे आधी झालेली असते.

"तुटली का?" या प्रश्नाची किंमत जगाला एका भयंकर घटनेतून कळली. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटला आणि लागलेल्या आगीत पन्नासाहून अधिक माणसे गेली. आस भक्कम दिसत होता, रोज भार पेलत होता, तरी तुटला. तेव्हा अभियंते नवा आस बसवून थांबले नाहीत. तुटलेल्या लोखंडाचा अभ्यास सुरू झाला. पुढे जर्मन रेल्वेतले ऑगस्ट वोलर यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून दाखवले की एकदा दिल्याने काही होत नाही एवढा भारसुद्धा हजारो-लाखो वेळा दिला तर पोलाद मोडते. धातूलाही थकवा येतो. आमच्या गॅरेजमागे पडलेल्या वायरी याच थकव्याने मेलेल्या असतात.

तुटलेले टोक फेकू नका

म्हणून पहिली गोष्ट, तुटलेली वायर हातात घ्या. ती कुठे तुटली यावरून कारण बऱ्याच अंशी सांगता येते.

हँडलजवळ, गुंडीच्या मुळाशी तुटली असेल तर गुंडी फिरत नव्हती. खाचेत ग्रीस नाही, खाचेला धार आली आहे, लिव्हरच्या बोल्टाचे भोक झिजून लांबट झाले आहे, किंवा गुंडी दुसऱ्याच मापाची आहे. इथे फक्त वायर बदलली तर नवीही तिथेच तुटणार. खाच बारीक कानशीने साफ करून ग्रीस लावा. लिव्हर फारच झिजला असेल तर तोही बदला. चार वायरींपेक्षा एक लिव्हर स्वस्त पडतो.

गुंडीच निसटून आली आणि तार अखंड असेल तर माल खराब होता. डुप्लिकेटचा आरोप इथे खरा ठरतो, बाकी ठिकाणी तो बरेचदा फुकटचा असतो.

मध्येच, कव्हरच्या आत तुटली असेल तर वायरीचा रस्ता चुकला आहे. ती कुठेतरी आखूड वळणाने नेली आहे, हेडलाइटच्या मागे चेपली आहे किंवा हँडलला लटकवलेल्या पिशव्यांखाली दबते आहे. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून पाहा. क्लचची ढिलाई दोन्हीकडे सारखीच राहिली पाहिजे. एकीकडे वायर ताणली जात असेल तर ती नव्याने, मोठ्या वळणाने फिरवून घ्या.

इंजिनाच्या बाजूला तुटली असेल तर चिखल-पाण्याचा गंज किंवा तिथल्या आर्मचा चुकलेला कोन, हे दोन संशयित.

आणि क्लच दाबायलाच जड लागत असेल तर आणखी एक तपासणी. वायर दोन्हीकडून सोडवून हाताने पुढे-मागे ओढा. ती अडखळत असेल तर दोष वायरीत. सहज सरकत असेल तर जडपणा लिव्हरच्या बोल्टात किंवा आत इंजिनाच्या बाजूला आहे. मग कितीही वायरी घाला, त्या तुटतच राहतील.

वायर तुटण्याआधी इशाराही देते. ढिलाई नटाने काढली तरी आठवड्यात पुन्हा येते. गिअर पडताना कुरकुर होते. लिव्हरजवळ तारेचे एखादे कुसळ बाहेर आलेले दिसते. कुसळ दिसले की त्याच दिवशी वायर बदलावी, बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये.

बाकी काळजी अगदी साधी आहे. या गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर ढिलाई असावी. काहीजण क्लच टाइट पाहिजे म्हणून ती अजिबात ठेवत नाहीत. त्याने वायर सतत ताणात राहते आणि क्लच प्लेटही घसरून झिजतात. चालवताना चार बोटे कायम क्लचवर ठेवण्याची सवय असेल तर ती सोडावी. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा गुंडीला ग्रीस, लिव्हरच्या बोल्टाला तेलाचे दोन थेंब. जुन्या, आत प्लास्टिकची नळी नसलेल्या वायरीचे वरचे टोक सोडून औषधाच्या सिरिंजने पातळ तेल आत सोडता येते. आतून नळी असलेल्या नव्या वायरीत घट्ट ग्रीस कोंबू नये, ते धूळ धरते आणि वायर जड होते. ज्याला रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरायचे आहे त्याने नवी वायर जुनीच्या शेजारून टेपने बांधून ठेवावी. लडाखला जाणारे हौशी लोक हेच करतात. आमच्या फेरीवाल्याला त्याची गरज त्यांच्याहून जास्त आहे.

तुटलीच तर? कसलेले चालक क्लचशिवाय गिअर टाकत गाडी घरापर्यंत आणतात. पण थांबायचे झाले की गाडी बंद पाडावी लागते आणि निघताना ती झटका देते. मागे बायको-मूल किंवा गाठोडे असताना हा पराक्रम करू नये. गाडी बाजूला घ्यावी.

पाहण्याची मजुरी

आता मूळ मुद्दा. वर लिहिलेले बहुतेक सगळे आमच्या उस्ताद लोकांना माहीत आहे. हाताला कळते, बोटांना कळते. मग ते करत का नाहीत?

कारण आपण त्याचे पैसे देत नाही. समजा, उस्तादाने वायर बदलली नाही. लिव्हर खोलला, खाच घासली, ग्रीस लावले, वायरीचा रस्ता बदलला आणि पन्नास रुपये मागितले. आपण काय म्हणतो? "टाकलं तर काहीच नाही, पन्नास कायचे?" दहाची नोट पुढे करतो आणि निघतो. तेच नवी वायर टाकली की कुरकुर न करता दीडशे-दोनशे देतो, कारण हातात वस्तू दिसते. डॉक्टरने नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि औषध दिले नाही तरी आपण फी देतो. मिस्त्रीच्या नजरेला मात्र आपल्याकडे भाव नाही. ज्या बाजारात फक्त सामान विकले जाते, तिथे मिस्त्री हळूहळू सामान बदलणारा होतो. यात त्याची लबाडी शोधण्याआधी गिऱ्हाइकाने आपला खिसा तपासावा.

उस्तादांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. घाईतल्या गिऱ्हाइकाला "दहा मिनिटं थांबा, ही पुन्हा तुटेल" हे तोंडावर सांगण्याची हिंमत त्यांनी ठेवली पाहिजे. माहीत असूनही न सांगणे हा हुनराशी प्रामाणिकपणा नाही. गिऱ्हाईक नाराज होईल, कदाचित शेजारच्या गॅरेजवर जाईल. पण तीन महिन्यांनी वायर तुटली नाही तर तो परत येईल आणि चार जणांना सांगेल.

नशिबाच्या गोष्टीवर थोडे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपल्या घराघरात सांगितली जाते. उंट गेले, मोटारसायकल आली. कोरड्या खाचेत ग्रीस न लावता वायर तुटली की "मुकद्दर" म्हणणे हा तवक्कुल नव्हे. चालणारी वस्तू निष्काळजीपणाने वाया घालवणे याला आपण एरवी इसराफ म्हणतोच.

छोटूला "का" कोण शिकवणार?

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, विज्ञान नाही. तरी ज्या मुलाने गॅरेजवर हात काळे केले आहेत तो वर्गात कसा ऐकतो, हे मला दिसते. सहावीच्या सामान्य विज्ञानात साधी यंत्रे शिकवतात. त्यात "तरफ" हा शब्द येतो. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलाला तरफ म्हणजे दिशा वाटते आणि तो गोंधळतो. तोच मुलगा सुट्टीत गॅरेजवर दिवसभर "लिव्हर" हाताळतो. शाळेतली तरफ आणि गॅरेजवरचा लिव्हर एकच आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. शाळेला त्याच्या हातांची कदर नाही आणि गॅरेजला त्याच्या पुस्तकाची. मग आठवी-नववीत तो शाळा सोडतो आणि आपण म्हणतो, चला, हुनर तर शिकला.

पण अर्धाच शिकला. वायर कशी बदलायची हे त्याला आले, ती का तुटली हे नाही. आज इंजेक्शनची गाडी आली आहे, बॅटरीची येते आहे आणि तिला तर क्लचच नसतो. फक्त वायर बदलणाऱ्या हाताचे काम त्या दिवशी संपेल. कारण शोधणारा हात नव्या गाडीतही कारण शोधेल. म्हणून छोटूने शाळा पुरी करावी आणि मग आयटीआयमधल्या दुचाकी-तीनचाकी मेकॅनिकच्या ट्रेडकडे जावे, ही मागणी मी पालकांकडेही करतो आणि उस्तादांकडेही. घरच्या धंद्यात शाळेनंतरची मदत सोडली, तर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर कुठल्याही धंद्यात गुन्हा आहे. ज्यांचे वय निघून गेले त्या कारागिरांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. आमच्या संस्था आणि जमाती जलशांवर खर्च करतात. त्यातला थोडा वेळ उस्ताद लोकांचे फॉर्म भरून देण्यात घालवला तर तोही सवाबच आहे.

मुसलमानांच्या वैज्ञानिक वारशाच्या गोष्टी आपण भाषणांत फार करतो. त्यातला अल-जझारी हा मला गॅरेजवाल्यांच्या सर्वांत जवळचा वाटतो. तो राजदरबारात यंत्रे बनवणारा कारागीर होता. १२०६ साली त्याने आपल्या यंत्रांचे पुस्तक पुरे केले. भाग कसे घडवायचे, कसे जोडायचे हे चित्रांसह लिहिले. त्याच्या हातातले ज्ञान त्याच्यासोबत गेले नाही, ते त्याने लिहिले म्हणून. आमच्या किती उस्तादांचे ज्ञान त्यांच्या जनाज्यासोबत गेले असेल!

ग्रंथ लिहायची गरज नाही. गॅरेजमध्ये एक वही ठेवा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, मोडीतोडीत लिहा. गाडीचा नंबर, तारीख, मीटरवरचे किलोमीटर आणि एक रकाना: कुठे तुटली. लिहिण्याचे काम छोटूकडे द्या. वर्षभराने ती वही उघडली की कोणती वायर किती चालते, कोणत्या गाडीची खाच खराब आहे, कुणाला क्लचवर बोटे ठेवायची सवय आहे, सगळे समोर येईल. वायर विकणाऱ्यालाही मग तोंडी भांडणाऐवजी आकडे दाखवता येतील.

आणि आपण, गाडीचे मालक. पुढच्या वेळी वायर तुटली की किंमत विचारण्याआधी विचारा, "कुठून तुटली, उस्ताद?" तो जे दाखवेल ते वाकून पाहा. आणि निघताना वायरीच्या पैशांवर त्याच्या नजरेचे पन्नास रुपये वेगळे द्या.